पेटीची किल्ली

बडोद्याच्या उत्तरेस, महीच्या अलीकडे वसलेले सावली हे गाव मराठी इतिहासाच्या अभ्यासकास परिचयाचे आहे. १७३२ साली डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा दगा करून वध करण्यात आला, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचा देह मही ओलांडून आणला आणि सावली येथे त्यास अग्नी दिला. पुढे बडोदे संस्थानाच्या दप्तरात सावलीचे नाव सरकारी महाल म्हणून येत राहिले. आजची सावली दोन गोष्टींसाठी सांगता येईल. एक, तेथील रेल्वेडब्यांचा कारखाना. आधी बोंबार्डिए आणि २०२१ पासून अल्स्टॉम या कंपनीच्या मालकीच्या या कारखान्यातून दिल्ली मेट्रोचे आणि दिल्ली-मेरठ मार्गावरील ‘नमो भारत’ गाड्यांचे डबे बाहेर पडले. दुसरी गोष्ट म्हणजे दूध. कारखान्याचा गाजावाजा होतो, दुधाचा होत नाही. तथापि आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयीच. व्यापारउदिमाचा हिशेब क्षणार्धात करून देणाऱ्या यंत्रांनी जगापुढे जो प्रश्न उभा केला आहे, तो गुजरातेतील दूध सोसायटीच्या टेबलावर जितका स्वच्छ दिसतो तितका बड्या कंपन्यांच्या वातानुकूल दालनांत दिसत नाही.

मही नदीच्या दोन्ही तीरांवरील या मुलखात, खेडा, आणंद आणि बडोदा या जिल्ह्यांत, सकाळ-संध्याकाळ गावातील माणसे, त्यांत बायका पुष्कळ, दुधाच्या किटल्या घेऊन सोसायटीच्या दारात रांगेने उभी राहतात. पूर्वी सोसायटीचा सचिव मापाने दूध मोजून घेई आणि प्रत्येकाच्या दुधाचा नमुना लहान बाटलीत काढून ठेवी. मग गर्बर पद्धतीने त्याची तपासणी होई. काचेच्या खास नळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालावयाचे, ती नळी यंत्रात गरगर फिरवावयाची आणि वर तरंगून आलेल्या स्निग्धांशाची उंची पट्टीवर डोळ्यांनी वाचावयाची. त्या वाचनावरून फॅट ठरे, फॅटवरून भाव ठरे आणि सारा हिशेब वहीत हाताने उतरवला जाई. १९९० नंतरच्या काळात हे चित्र पालटत गेले. विजेचा काटा, दुधाची प्रत पाहणारे तपासणी यंत्र, संगणक आणि छपाईचे यंत्र अशी चारही साधने एकमेकांस जोडून, त्यांना चालविणाऱ्या आज्ञावलीसह एकच जुळणी म्हणून सोसायट्यांत बसविण्यात आली. सभासदाने आपला क्रमांक सांगावा अथवा कार्ड दाखवावे, दूध काट्यावर ओतले जावे, त्यातील चमचाभर नमुना यंत्राने ओढून घ्यावा, आणि किटली उचलण्याच्या आत वजन, फॅट, दर आणि रक्कम छापलेली चिठ्ठी हाती पडावी, असा हा प्रकार आहे.

या बदलाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्याचे मूळ दुधाच्या भावात होते. मुंबईला दूध पुरविण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता. दूध कोणाचे, भाव ठरविणार कोण आणि मधला नफा खाणार कोण, हा त्या वेळचा सवाल होता. जानेवारी १९४६ मध्ये समरखा येथे मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. पुढे शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ रीतसर नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेलांचे नेतृत्व आणि १९४९ साली आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन यांचे कर्तृत्व यांतून ‘अमूल’ उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे की, या सहकाराचा पाया दुधावर जितका आहे तितकाच मोजमापावरील विश्वासावर आहे. ज्या दिवशी मोजमापावरचा विश्वास उडेल, त्या दिवशी सहकारही उडेल.

या विश्वासाची किंमत रुपयांतही सांगता येते. समजा, एका बाईने सकाळी पाच किलो म्हशीचे दूध आणले. त्याची फॅट साडेसहा टक्के, म्हणजे दुधात ३२५ ग्रॅम स्निग्धांश. संघ किलोभर स्निग्धांशास ८०० रुपये देत असेल तर तिचे २६० रुपये झाले. आता यंत्राने साडेसहाऐवजी ६.२ दाखविले असे धरू. स्निग्धांश ३१० ग्रॅम, रक्कम २४८ रुपये. फरक अवघा १२ रुपयांचा. परंतु दूध दोन वेळा घातले जाते, म्हणजे दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० रुपये. दोन म्हशींवर ज्या घराचा संसार चालतो त्या घरात एवढ्या रकमेत मुलाची शाळेची वह्या-पुस्तके येतात. दशांशचिन्हानंतरच्या एका आकड्याचे हे सामर्थ्य आहे. आणि तो आकडा बाईने डोळ्यांनी पाहिलेल्या पट्टीवरचा राहिला नसून एका बंद पेटीने उच्चारलेला आहे.

गावच्या टेबलावर जे घडले तेच मोठ्या प्रमाणावर जगाच्या बाजारपेठेत घडले आहे. पूर्वी मोठ्या कंपन्यांत रोजचे व्यवहार एका संगणकावर नोंदले जात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम, म्हणजे कोणता माल कोठे खपला, कोठे तोटा झाला, कोणत्या ग्राहकाने पाठ फिरविली, हे दुसऱ्या संगणकावर रात्रभर चाले. माहिती तबकड्यांवर साठविलेली असे आणि तेथून ती वाचण्यातच बहुतेक वेळ जाई. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी यंत्र आणि आज्ञावली एकाच घरात, एकमेकांच्या मापाने बनविण्याचा मार्ग धरला. नेटीझा कंपनीने साठवणीच्या तबकड्यांजवळच नको असलेली माहिती गाळून टाकणाऱ्या खास चिप बसविल्या. पुढे २०१० मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे १७० कोटी डॉलरांना विकत घेतली. ओरॅकलने २००८ साली ‘एक्झाडेटा’ आणले. एसएपी या जर्मन कंपनीच्या ‘हाना’ने तर सर्व माहिती तबकडीवरून उचलून थेट स्मृतीतच ठेवण्याचा आणि ओळीऐवजी रकान्यांनी मांडण्याचा मार्ग अवलंबिला. लाखो विक्रींतून केवळ रकमेचा रकाना वाचावयाचा असेल तर बाकीची पाने उलटण्याचे कारण उरत नाही. असंख्य प्रक्रियकांनी काम वाटून घेतले की रात्रभराचे उत्तर क्षणात येते. कपाट आणावे, वीज जोडावी आणि प्रश्न विचारावा, इतके हे सोपे झाले. दूध सोसायटीची जुळणी आणि हे कपाट यांत आकाराचा भेद आहे, जातीचा नाही.

या वेगाचे आम्ही स्वागतच करतो. नाशवंत मालाच्या धंद्यात उशिरा कळलेले सत्य असत्याइतकेच निरुपयोगी असते. व्यापारी हिशेबासाठी नियमित चालविलेला जगातील पहिला संगणक कोणा शस्त्रागारात जन्मला नाही. लंडनच्या जे. लायन्स या चहा-केकच्या दुकानांच्या कंपनीने तो स्वतः बांधला, त्याचे नाव ‘लिओ’ ठेवले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर पहिले काम चढविले ते आपल्या भट्टीतील मालाच्या मूल्यमापनाचे. शिळा होणारा पाव आणि नासणारे दूध यांना उद्याची वाट पाहता येत नाही, हे त्या बेकरीवाल्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

सावकाश हिशेबाने होणारी हानी आम्हां गोमंतकीयांस तरी कोणी समजावून सांगावयास नको. आमच्या डोंगरांतून निघालेले लोहखनिज खाणीवर मोजले जात होते, रस्त्याने धक्क्यावर येत होते, बार्जीतून मांडवी-जुवारीवाटे बंदरात जात होते आणि जहाजावर चढताना पुन्हा नोंदले जात होते. प्रत्येक खात्याची वही निराळी. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि खाणी बंद पडल्या. आयोगाने काढलेल्या सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीच्या आकड्याबद्दल वाद झाला, होत राहील. परंतु या साऱ्या वह्या शेजारीशेजारी ठेवून वेळीच कोणी वाचल्या असत्या तर एवढा मोठा घोळ इतकी वर्षे चालला असता काय, हा प्रश्न उरतोच. खाणी बंद झाल्यावर ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले आणि ज्यांच्या बार्जी गंजल्या, त्यांनी त्या विलंबाचे व्याज भरले. तेव्हा यंत्राला विरोध करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांस कोणी बसवू नये.

आमची चिंता निराळी आहे. हिशेब वेगाने झाला म्हणजे तो खरा झाला असे मानण्याची सवय शहाण्यासुरत्या माणसांनाही लागते, आणि तिचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची यंत्रणा बसविली. काउंटरवरील यंत्रे, त्यांतील आज्ञावली आणि मध्यवर्ती हिशेब असे सारे एकाच पुरवठादाराचे. या यंत्रणेने गावोगावच्या शाखांत पैशाची तूट दाखविण्यास आरंभ केला. शाखा चालविणारे उपपोस्टमास्तर ही साधी माणसे होती, त्यांत आपल्याकडून तेथे गेलेलीही पुष्कळ. तूट भरून देण्याची जबाबदारी करारानेच त्यांच्या शिरावर होती. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातलगांकडून कर्ज काढले. तक्रार केली तर असे तुम्हीच एकटे आहात, असे उत्तर अनेकांना मिळाले. पुढे या आकड्यांच्या आधारे नऊशेंहून अधिक माणसे अफरातफर, चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. काही तुरुंगात गेली.

दोष यंत्रणेत होता. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निर्णय दिला. शाखेच्या हिशेबात पुरवठादाराचे तंत्रज्ञ दुरून शिरू शकत होते, हेही सिद्ध झाले, आणि पोस्ट खाते तर वर्षानुवर्षे हे नाकारीत आले होते. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि अखेर मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेस खास कायदा करून उरलेल्या शेकडो जणांना एकगठ्ठा निर्दोष ठरवावे लागले. या साऱ्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करण्याची अट तेथील फौजदारी कायद्यात पूर्वी होती. १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकण्यात आली. ‘होरायझन’ काउंटरवर येत असताना न्यायदेवतेने संगणकावरचा संशय सोडला होता. दैवदुर्विलास असा की, ज्या फुजित्सू कंपनीने ही यंत्रणा पुरविली तिची ब्रिटिश शाखा म्हणजे पूर्वीची आयसीएल, आणि त्या आयसीएलच्या वंशावळीत मागे गेले तर बेकरीवाल्यांचा तो ‘लिओ’ भेटतो. पावाचा हिशेब ठेवण्यासाठी जन्मलेल्या यंत्राचे घराणे शेवटी माणसांच्या अब्रूचा चुकीचा हिशेब करून बसले.

इतके दूर तरी कशाला जावे? शेजारच्या कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये विक्रीकर खात्याने यूपीआयवरून जमा झालेल्या रकमांची छाननी करून लहान दुकानदारांना करवसुलीच्या नोटिसा धाडल्या. छाननी करणाऱ्या यंत्रास एकूण जमेचा आकडा दिसला. दूध, भाजीपाला, फळे यांवर करच नाही, आणि भाजीवाल्याच्या खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचाच असतो असेही नाही, हे त्या आकड्यात दिसत नव्हते. दुकानदारांनी रोख पैशाचा आग्रह धरला, आंदोलन उभे राहिले, आणि करमुक्त माल विकणाऱ्यांकडून मागील कर घेणार नाही असे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले. वेगाने काढलेले उत्तर वेगानेच मागे घ्यावे लागले. त्यांच्या मागे संघटना होती म्हणून हे झाले. एकट्यादुकट्या माणसाचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

सावलीकडील त्या दूध सोसायटीच्या टेबलाकडे आता पुन्हा पाहू. यंत्र आल्याने तेथे मोठा न्याय झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पूर्वी सचिवाचा भाऊबंद आणि परका, पाटीदार आणि दलित, यांच्या बाटलीकडे पाहणारा डोळा सारखाच असेल याची हमी नव्हती. यंत्राला जात कळत नाही, नाते कळत नाही. जिच्या दुधाचे पैसे घरातील पुरुषाच्या हाती पडत, त्या बाईच्या हाती आता स्वतःच्या क्रमांकाची चिठ्ठी पडते. ‘दुधाचे दूध आणि पाण्याचे पाणी’ ही म्हण त्या टेबलावर अक्षरशः खरी होते. पण माणसाचा पक्षपात गेला की चूकही गेली असे मात्र होत नाही. तपासणीचे यंत्र वेळोवेळी जुळवून घ्यावे लागते. त्याची नळी धुवावी लागते. गाय आणि म्हैस यांसाठी त्याची मांडणी निराळी ठेवावी लागते. दराचे कोष्टक कोणीतरी आत भरावे लागते. सचिवाच्या पक्षपाताची तक्रार चावडीवर करता येत होती. पेटीच्या चुकीची तक्रार कोणाकडे करावयाची? सचिव म्हणतो, यंत्राने सांगितले. यंत्र विकणारा म्हणतो, आकडे सोसायटीने भरले. जबाबदारी दोघांच्या मध्ये असलेल्या पोकळीत पडते, आणि तोटा मात्र किटली घेऊन आलेल्या बाईच्या पदरात.

दुसरा प्रश्न मालकीचा. यंत्र आणि आज्ञावली एकाच घरची असली की काम सुबक होते, पण घरधन्याने दार लावले की आपला संसार आत अडकतो. जगभरच्या बड्या कंपन्यांना हा अनुभव आला आहे. मोठ्या किमतीस घेतलेली कपाटे काही वर्षांत जुनी झाली, बनविणाऱ्याने त्यांची देखभाल थांबविली आणि माहिती दुसरीकडे हलविण्यास पुन्हा तेवढाच खर्च आला. कंपनी तो सोसू शकते. दोनशे सभासदांच्या सोसायटीचे काय? दहा वर्षांच्या दुधाची नोंद ही त्या गावाची मालमत्ता आहे. त्या नोंदीवर बँक कर्ज देते, गुरांचा विमा ठरतो, कोणत्या घरी दूध आटत चालले आहे हे कळते. बडोदे संस्थानाचे मोडी दप्तर आजही वाचता येते, कारण कागद कोणाच्या परवान्याने उघडत नाही. आजच्या सोसायटीची नोंद वीस वर्षांनी वाचता येईल काय?

याकरिता काही साध्या गोष्टींचा आग्रह सभासदांनी आणि सहकार खात्याने धरला पाहिजे. चिठ्ठी सभासदाच्या भाषेत असावी आणि तीवर केवळ रक्कम न देता वजन, फॅट आणि दर हे तिन्ही आकडे असावेत, म्हणजे चौथीतल्या मुलासही गुणाकार करून पाहता येईल. काट्यावर जसा वजनमाप खात्याचा शिक्का लागतो, तशी तपासणी यंत्राची परीक्षा ठरलेल्या दिवशी, सभासदांच्या समक्ष, जुन्या गर्बर पद्धतीने व्हावी आणि तिचा निकाल फलकावर लावावा. गंधकाम्लाची ती बाटली अडगळीत टाकू नये. यंत्रावरचा तोच एक स्वतंत्र साक्षीदार आहे. दराच्या कोष्टकात अथवा आज्ञावलीत बदल झाला तर तो कोणी, केव्हा केला याची नोंद राहावी. यंत्र घेताना करारातच लिहून घ्यावे की नोंदींची मालकी सोसायटीची आहे आणि करार संपताच त्या कोणत्याही साध्या संगणकावर वाचता येतील अशा रूपात परत मिळतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तंटा झाल्यास आपले बरोबर आहे हे सिद्ध करण्याचे ओझे यंत्र बाळगणाऱ्यावर असावे, दूध घालणाऱ्यावर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते. हे योग्यच आहे. परंतु पेटीच्या आत काय चालते हे ज्याला ठाऊक नाही त्याने केलेली सही म्हणजे केवळ शाई होय.

हे सारे गुजरातेतील दुधाचे आहे, आम्हांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. कुर्टीच्या गोवा डेअरीला दूध घालणारा शेतकरी, बागायतदार संस्थेत सुपारी-काजू घेऊन जाणारा बागाईत, पतसंस्थेत दिवसाकाठी शंभर रुपये टाकणारा रेंदेर, देवस्थानाच्या पावणीचा जाब मागणारा महाजन, या प्रत्येकापुढे आज ना उद्या अशीच एक पेटी येणार आहे, काहींच्या पुढे ती आलीही आहे. ती येऊ द्यावी. दिवाळीला आपण वहीची पूजा करतो ती वही देवाइतकी अचूक असते म्हणून नव्हे. ती उघडता येते, तीत बोट ठेवून ‘हे असे कसे?’ असे विचारता येते, म्हणून तिला मान आहे. नव्या पेटीलाही हळदकुंकू अवश्य वाहावे. मात्र तिची किल्ली ज्यांच्या घामाचा हिशेब तीत चालतो त्यांच्याच कनवटीला राहील, एवढी खबरदारी तिला टेबलावर ठेवण्यापूर्वी घेतली पाहिजे. ठेवल्यानंतर ती घेण्यास इंग्लंडसारख्या देशासही वीस वर्षे लागली.